टाकी उपसली तरी पुन्हा भरते? सेप्टिक टँकचं दुखणं शोधायचं कुठे

"दादा, टाकी गेल्याच महिन्यात उपसून घेतली, आणि आता परत संडासात पाणी वर यायला लागलंय. गाडीवाल्याने अर्धीच उपसली वाटतं."

आषाढ लागला की नाशिकच्या मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाट्याच्या पुढच्या कॉलन्या आणि निफाड-दिंडोरीकडचे मळ्यातले बंगले, सगळीकडून हेच गाऱ्हाणं येतं. मग दुसरी गाडी बोलावतात, पुढच्या महिन्यात तिसरी. दर वेळी पैसे जातात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी या भागात घरांच्या ड्रेनेजची कामं करतो. एवढ्या टाक्या उघडून पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की, जी टाकी वारंवार "भरते" तिला स्वतःला बहुधा काही झालेलं नसतं. दुखणं टाकीच्या पुढे, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात असतं. नाहीतर टाकीच्या मागे, घरातल्या नळांत आणि फ्लशमध्ये. उपसा हे दोन्हींवरचं औषध नाही.

भरलेली म्हणजे बिघडलेली नव्हे

सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते आणि तशीच असायला हवी. घरातून आलेला मैला आत थांबतो. जड भाग तळाला बसून गाळ होतो, तेलकट आणि हलका भाग वर तरंगतो. मधलं त्यातल्या त्यात निवळलेलं पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. तळाच्या गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा काही भाग पचवतात, म्हणून गाळ वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. वरून एक बादली पाणी आलं की पुढून एक बादली बाहेर जातं, इतका सरळ हिशेब.

आता आकडे बघा. आयएस २४७० या भारतीय मानकात पाच माणसांच्या घरासाठी जी टाकी दिली आहे ती आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटरच्या आसपास. म्हणजे साधारण ११२५ लिटर. माणशी नुसतं संडासाचं पाणी दिवसाला ४० लिटर धरलं तरी पाच जणांचे २०० लिटर होतात, आणि पूर्ण उपसलेली टाकी सहाव्या दिवशी काठोकाठ होते. न्हाणीघराचं पाणीही तिच्यातच सोडलं असेल तर दोन-तीन दिवसांतच. म्हणून उपसल्यावर आठवड्याने झाकण उघडून "बघा, भरली पुन्हा" म्हणण्यात अर्थ नाही. भरणारच होती.

प्रश्न पाणी किती आहे हा नाही, कुठवर आहे हा आहे. गोदेला पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात, तसं टाकीत बघायचं ते जाणाऱ्या पाइपाच्या, म्हणजे आउटलेटच्या खालच्या कडेवरून. पाणी बरोबर त्या कडेला टेकलेलं असेल तर टाकी ठणठणीत आहे. कडेच्या वर चढलं असेल तर पुढे कुठेतरी अडलं आहे. कडेच्या खाली राहत असेल, तर टाकीला तडा आहे आणि मैल्याचं पाणी जमिनीत मुरतं आहे. त्याचा त्रास घराला जाणवत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण जवळ विहीर किंवा बोअर असेल तर तिन्हींत सगळ्यात वाईट अवस्था तीच.

ढापा उघडण्याआधी

हे वाचल्याशिवाय पुढचं काही करू नका. टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, तो जीव घेतो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो याचाच. हा वायू वाढला की आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. "आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला" असं समजून लोक वाकतात आणि तिथेच कोसळतात.

दोघांनी मिळून पहारीने ढापा, म्हणजे टाकीवरचं झाकण, सरकवा. किमान अर्धा तास उघडा राहू द्या. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, डोकं टाकीच्या तोंडाच्या आत नेऊ नका. बिडी, काडी, उदबत्ती काही नको, बघायचं ते बॅटरीने बघा. लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा. ढापा उघडा टाकून चहाला जाऊ नका. आणि काहीही झालं, हातातला मोबाइल आत पडला तरी, कोणी आत उतरायचं नाही.

काय दिसतं, त्यावरून काय समजायचं

आधी घर आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडा. चेंबर तुडुंब आहे आणि टाकीतलं पाणी मात्र आउटलेटच्या कडेलाच आहे, असं दिसलं तर टाकी आणि शोषखड्डा दोन्ही निर्दोष आहेत. चोकअप चेंबर ते टाकी या पाइपात आहे किंवा टाकीत शिरल्यावरच्या इनलेटच्या टीमध्ये, म्हणजे टी आकाराच्या पाइपाच्या तुकड्यात. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स आणि केसांचे गुंते यांचा गठ्ठा नेमका त्या टीच्या वळणात बसतो. वरून रॉड किंवा स्प्रिंग मारली की सुटतो. गाडी बोलवायची गरज नाही. फक्त एकच संडास तुंबतो आणि बाकीचे बरे चालतात, तर एवढं लांब यायचीही गरज नाही, दोष त्या भांड्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात आहे.

तेच ते चोकअप पुन्हा पुन्हा होत असेल तर पाइपाचा उतार तपासा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि नीट मुरमाचा थर न देता टाकलेला पाइप तिच्यासोबत वरखाली होतो. मध्येच पोट सुटतं, तिथे मैला साचून राहतो. तपासायची जुनी, बिनखर्ची पद्धत अशी: एका चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी बॅटरी लावा आणि पुढच्या चेंबरमध्ये आरसा तिरका धरा. पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप सरळ आहे. गोलाचा खालचा भाग कापलेला दिसला तर पाणी साचलेलं आहे, आणि तेवढा तुकडा उकरून पुन्हा उतारात बसवण्याला पर्याय नाही.

आता दुसरी शक्यता. चेंबरही भरलेलं आहे आणि टाकीतलं पाणीही आउटलेटच्या वर आहे. इथे आधी आउटलेटची टी तपासा. टीचं खालचं तोंड पाण्यात साधारण फूटभर बुडालेलं असतं, ते तरंगणाऱ्या थराला अडवण्यासाठी. बऱ्याच बांधकामांत ही टी बसवलेलीच नसते, नुसता पाइप भिंतीतून बाहेर काढलेला असतो, किंवा उपसा करताना गाडीच्या होजचा धक्का लागून ती निखळून पडलेली असते. टी आहे आणि तुंबली आहे असं असेल तर वरून काठी घालून मोकळी करा. पाणी भराभर उतरून कडेला आलं की काम झालं. टीच नसेल तर टाकीचं बांधकाम कितीही भक्कम असो, तेलकट थर रोज थोडा थोडा शोषखड्ड्यात जातो आहे. दोन-चारशे रुपयांच्या या तुकड्याअभावी आख्खा शोषखड्डा बाद होतो, म्हणून घर ताब्यात घेताना फरशी आणि रंग बघता तसा एकदा ढापा उघडून टी बघा.

काठी मारूनही पाणी जागचं हललं नाही तर शोषखड्डा भरला आहे. याची पक्की खूण उपसा चालू असतानाच मिळते, आणि त्या वेळी घरातलं कोणी तिथे उभं नसतं, वासामुळे सगळे दारं लावून आत बसलेले असतात. मखमलाबादकडच्या एका बंगल्यात उपसा चालू असताना मी मुद्दाम घरच्या आजोबांना, नाकाला उपरणं लावून का होईना, बाहेर उभं केलं. टाकीतलं पाणी जसं आउटलेटच्या खाली गेलं तसं त्या पाइपातून उलट पाणी टाकीत पडायला लागलं, मनगटाएवढी धार. आजोबा म्हणाले, "अहो, हा तर बाहेर जायचा पाइप ना? मग हे येतंय कुठून?" येत होतं शोषखड्ड्यातून. खड्डा तोंडापर्यंत भरलेला होता आणि गाडी टाकीबरोबर खड्डाही उपसत होती. म्हणून चार दिवस आराम वाटायचा. खड्डा पुन्हा भरला की दुखणं जसंच्या तसं.

त्या उलट्या धारेकडे नीट बघा. काळी, घाणेरड्या वासाची असेल तर ते तुमचंच पाणी आहे, मातीत न मुरता साचलेलं. फिकट, गढूळ, फारसा वास नसलेलं आणि थांबता न थांबणारं असेल तर ते जमिनीतलं पाणी आहे. पुढचा उपाय याच फरकावर ठरतो.

पावसाळ्यातच का

नाशिक शहरात पाऊस तसा बेताचा, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्र्यंबक-इगतपुरीकडे याच्या कैकपट. पण जिथे पाऊस बेताचा तिथेही शोषखड्डे आषाढ-श्रावणातच का बसतात, म्हणजे पाणी प्यायचं का सोडतात? कारण तीन, आणि तिन्ही वेगवेगळी ओळखता येतात.

पाऊस पडल्यावर तासा-दोन तासांत टाकी चढते आणि उघडीप मिळाली की उतरते: गच्चीचं किंवा अंगणाचं पाणी थेट आत शिरतं आहे. गच्चीचं पाणी खाली आणणारा डाउनटेक पाइप "तात्पुरता" चेंबरला जोडलेला असतो, किंवा चेंबरचं तोंड अंगणाच्या फरशीच्या पातळीत असतं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर नुसता वीस मिलिमीटर पाऊस पडला तरी दोन हजार लिटर पाणी होतं. वर सांगितलेल्या टाकीच्या पावणेदोन पट, एका संध्याकाळी. डाउनटेक सोडवा, चेंबरची तोंडं चार-सहा इंच उचलून घ्या. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, म्हणून आधी हीच करा.

टाकी श्रावणात चढते आणि मग उघडीप असली तरी थेट दिवाळीपर्यंत उतरत नाही: भूजलाची पातळी शोषखड्ड्याच्या तळाच्या वर आली आहे. गंगापूर धरणातून पाणी सुटल्यावर गोदाकाठच्या, किंवा नासर्डी-वालदेवीच्या काठच्या विहिरी कशा वर येतात हे तिथल्या माणसांना सांगायला नको. खड्डाच पाण्यात उभा असेल तर त्यात आणखी पाणी मुरणार कुठे? इथे खड्डा खोल करणं म्हणजे दुखणं वाढवणं. आणि गवंडी नेमका तोच सल्ला देतो: "साहेब, अजून पाच फूट खाली जाऊ." जाऊ नका.

तिसरं कारण मातीत आहे. निफाडच्या बाजूची आणि शहराच्या पूर्वेची काळी माती मे महिन्यात इतकी भेगाळते की तिच्यात ओतलेलं पाणी दिसेनासं होतं. मालक आणि ठेकेदार दोघेही खूश, "केवढं पाणी पिते बघा जमीन!" जुलैत तीच माती फुगून सगळ्या भेगा मिटवते आणि मडक्यासारखी पाणी धरून ठेवते. म्हणून शोषखड्ड्याची परीक्षा कोरड्या मातीत घ्यायचीच नाही. जिथे खड्डा किंवा चर घ्यायचा तिथे त्याच खोलीवर वीतभर रुंदीचं भोक खणा, तळाला थोडी वाळू टाका, रात्रभर पाणी भरून माती फुगू द्या. सकाळी पुन्हा वीतभर पाणी भरून घड्याळ लावा. पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खोल खड्डा नको, उथळ लांब चर घ्या. तासापेक्षा जास्त लागला तर त्या जमिनीत पाणी मुरवण्याचा नाद सोडा. टाकीपुढे खडीचा फिल्टर बांधा, ज्यात पाणी खालून शिरून वरून बाहेर पडतं, आणि पुढचं पाणी कुठे सोडायचं ते महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या परवानगीने ठरवा.

बसलेल्या खड्ड्याचं काय करायचं

बारा महिने काळंच पाणी साचत असेल, पावसाचा संबंधच नसेल, तर खड्ड्याच्या भिंतींवर काळा चिकट थर चढला आहे. टाकीतून वाहून आलेला बारीक गाळ, तेल आणि त्यावर वाढणारे जिवाणू यांचा तो लेप असतो. तो उपसून निघत नाही. तो मरतो उपाशी राहून. खड्ड्याला काही महिने पाणी मिळालं नाही की हवा खेळते, लेप सुकतो आणि माती पुन्हा थोडीफार प्यायला लागते. म्हणून जागा असेल तर माझा सल्ला नेहमी एकच: जुन्या खड्ड्याच्या जागी मोठा खड्डा नको, दुसरा खड्डा किंवा चर घ्या, मध्ये एक वाटणीचं चेंबर ठेवा आणि दर वर्षी पाणी आलटून पालटून सोडा. दोन खड्डे पाळीपाळीने चालवलेलं घर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं.

चर घ्यायचा तर काळ्या मातीचा थर पार करून मुरमात न्या, पण तीन फुटांपेक्षा फार खाली नको. तळाला खडी, त्यावर भोकं पाडलेला पाइप जवळजवळ सपाट, पुन्हा खडी, वर जाळी किंवा जाड कापड, मग माती. वर मोठी झाडं नको, गाडी उभी करायला तर अजिबात नको. आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर किमान १८ मीटर लांब हवी. हा मानकातला आकडा आहे. आपला खडक भेगांचा बेसाल्ट, पाणी त्यात एकदा शिरलं की गाळलं न जाता कुठल्या कुठे जातं. म्हणून मुरमाचा थर पातळ असेल तिथे मी याहून जास्त अंतर ठेवायला सांगतो.

आता ज्याबद्दल बोललंच पाहिजे ते. शोषखड्डा चालत नाही म्हणून टाकीचं पाणी आटलेल्या बोअरमध्ये सोडणारे लोक आहेत. "एकदम मस्त चालतंय, पुन्हा कधी भरलीच नाही," असं दुसऱ्यांना सांगतातही. भरणार कशी? ते पाणी खडकाच्या भेगांतून शेजाऱ्याच्या बोअरला, खालच्या मळ्यातल्या विहिरीला जातं आहे. त्याच विहिरीवर कोणाच्या तरी लेकराची दुधाची बाटली धुतली जाते. कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड या मार्गाने येतात आणि कोणाच्या टाकीतून आले ते कधीच सिद्ध होत नाही. असं करू नका आणि कोणी करत असेल तर हात जोडून थांबवा. नाल्यात सोडणंही तेच. नासर्डीत सोडलेलं टाकळीला गोदावरीत मिळतं आणि गोदाकाठी आपणच तीर्थ म्हणून ते ओंजळीत घेतो. विहिरीच्या पाण्याची शंका असेल तर पाणी जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे छोट्या बाटलीतली जी चाचणी असते, ज्यात पाणी काळं पडलं की दूषित, तीही प्राथमिक खात्रीला पुरते.

घरातलं पाणी

खड्डा उत्तम असूनही हरतो, कारण त्याच्यावर पाण्याचा मारा जास्त असतो. पहिला संशयित फ्लशची टाकी. आतला वॉशर झिजला की भांड्याच्या मागच्या बाजूने एक बारीक ओघळ चोवीस तास उतरत राहतो, आवाजही होत नाही. मिनिटाला एक पेला, २०० मिलिलिटर धरा: दिवसाला २८८ लिटर. पाच माणसांच्या संडासाच्या पाण्यापेक्षा जास्त, एका वॉशरमुळे. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि सकाळी कोणी वापरायच्या आत भांड्यात बघा. रंग उतरलेला दिसला तर वॉशर बदला. पाण्याच्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणीही बघा; एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. ते पाणी सेप्टिक टाकीत सोडण्याचं काहीच कारण नाही, फरशी पुसायला वापरा.

धुणं एकाच दिवशी पाच-सहा वेळा मशीन फिरवून करू नका. एकदम लोंढा आला की टाकीतला बसलेला गाळ ढवळून पुढे जातो. गौरी-गणपतीत घरात वीस-पंचवीस माणसं येतात, बाहेर पाऊस, जमीन आधीच भिजलेली. टाक्या नेमक्या महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी उलटतात त्यात नवल नाही. पाव्हणे यायच्या आधी पाणी कुठवर आहे ते बघून घ्या, आणि तेवढे दिवस धुणं बंद ठेवा.

स्वयंपाकघराचं पाणी शक्यतो सेप्टिक टाकीत घेऊच नका. घेतलंच असेल तर मध्ये तेल अडवणारं छोटं चेंबर बांधा आणि दर पंधरा दिवसांनी वरचा थर काढून कचऱ्यात टाका. मिसळीचं पातेलं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तर्री गरम असताना पातळ असते; चार हात पुढे पाइपात गार झाली की मेणासारखी बसते.

पावडर, गूळ, यीस्ट, शेण, मीठ: यांतल्या कशाचीही गरज नाही. टाकीला लागणारे जिवाणू मैल्यातूनच रोज येतात. विकतच्या पुड्यांनी गाळ "विरघळतो" हे खरं मानून उपसा पुढे ढकलू नका. संडास धुण्याचं ॲसिड नेहमीच्या मापात वापरलं तर टाकी ते सहन करते, पण बाटलीच्या बाटली ओतली तर जिवाणू मरतात. आणि ॲसिड व ब्लीचिंग कधीही एकत्र टाकू नका, क्लोरिन वायू तयार होतो.

उपसा कधी आणि कसा

भरली म्हणून नाही, गाळ वाढला म्हणून उपसायचं. लांब बांबूच्या टोकाला तीन-चार फूट पांढरं जुनं धोतर किंवा टॉवेल घट्ट गुंडाळा, काठी तळापर्यंत सरळ सोडा, दोन-तीन मिनिटं धरा आणि हळू वर काढा. कापडावर खालून जिथवर घट्ट काळा डाग, तिथवर गाळ. पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या भागाएवढा गाळ झाला की गाडी बोलवा. नेमाने चालणाऱ्या घरात हे दोन-तीन वर्षांनी येतं. सिन्नर नगरपरिषदेने तर तक्रारीची वाट न बघता दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या ठरलेल्या क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू केली. आपल्या जिल्ह्यातलंच हे उदाहरण आहे, आणि आपापल्या ग्रामपंचायतीत याचा आग्रह धरण्यासारखा आहे.

गाडी आली की घरातल्या एकाने उभं राहा. टाकीत मध्ये भिंत असेल तर दोन्ही ढापे उघडायला लावा. काही जण वरचं पातळ पाणी ओढतात आणि तळाचा घट्ट गाळ तसाच सोडतात. गाडीतलंच थोडं पाणी उलट मारून गाळ ढवळायला सांगा, शेवटी बांबूने तपासा. तळाला बोटभर गाळ राहिला तर चालतो. मैला कुठे नेऊन टाकणार हेही विचारा. प्रक्रिया केंद्राऐवजी ओढ्यात किंवा कोणाच्या बांधावर टाकणार असेल तर दुसरी गाडी बघा.

माणूस आत उतरवायचा नाही. पैसे जास्त दिले तरी नाही, तो स्वतः "उतरतो ना साहेब" म्हणाला तरी नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून साफ करून घेणं हा गुन्हा आहे, आणि तो उतरवून घेणाऱ्या घरमालकालाही लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण कायदा राहू द्या. अशा अपघातात एक आत कोसळतो, त्याला काढायला भाऊ किंवा सोबती उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि तिघेही वर येत नाहीत. कोणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. टाकी-गटार यांत्रिक पद्धतीने साफ करून घेण्यासाठी आणि कोणी माणूस उतरवत असेल तर कळवण्यासाठी १४४२० ही देशभरची मदतवाहिनी आहे.

आणखी एक, भर पावसात पूर्ण उपसा टाळा. जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली तर प्लॅस्टिकची टाकी खालून उचलली जाते, पाइप तुटतात. विटांच्या भिंतीला बाहेरून दाब येऊन तडे जातात. वैशाखात उपसा, आणि लगेच नळाच्या पाण्याने आउटलेटपर्यंत भरून ठेवा.

वास येतो म्हणून फोन येतात त्यांच्यासाठी थोडक्यात: न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीत पाणी ओता, ट्रॅप सुकला की वास येतो. तरी येत असेल तर टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपाचं तोंड बघा, पक्ष्यांनी घरटं केलेलं असतं किंवा पाइप खिडकीपाशीच संपवलेला असतो. तो गच्चीच्या वर न्या आणि तोंडाला डासांची जाळी लावा.

कॉलनीत महापालिकेची ड्रेनेज लाइन आली असेल तर रीतसर अर्ज करून जोडणी घ्या आणि सेप्टिक टाकी त्या रस्त्यातून पूर्ण काढा. नवा पाइप चेंबरमधून थेट लाइनला न्यायचा. जुनी टाकी शेवटची उपसून घ्या, तळाला पहारीने भोकं पाडायची ती बाहेरूनच, आणि स्लॅब मोडून मुरूम भरून ठोकून घ्या. शोषखड्ड्याचंही तेच करा. पोकळ ठेवलेल्या टाकीचा स्लॅब काही वर्षांत गंजतो, आणि वरच्या अंगणात मुलं खेळत असतात.